मिनिमाइज केलं की एजंट ऑफलाइन: व्हिजिबिलिटी ओव्हरराइड केल्याचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण एका सपोर्ट टीमच्या चॅट ॲपचं आहे. नावं आणि ओळख पटेल असं सगळं काढून टाकलंय, तांत्रिक भाग मात्र जसा घडला तसाच ठेवलाय. मूळ ॲप वेबचं, आणि ते इलेक्ट्रॉनमध्ये (वेब ॲपला डेस्कटॉप ॲप बनवणारी चौकट) गुंडाळून डेस्कटॉप ॲप म्हणून एजंट लोकांना दिलेलं. वेब ॲप एका टीमकडे, आणि डेस्कटॉपचं शेल, म्हणजे बाहेरचं वेष्टन, आम्हा दोघांकडे. ही वाटणी लक्षात ठेवा, कारण पुढचे अर्धे चुकीचे निर्णय तिच्यातूनच आले. वेबच्या कोडला हात लावायचा तर त्यांच्या रिलीजची वाट बघावी लागायची, आणि शेलमध्ये काय वाट्टेल ते आम्ही त्याच दिवशी करू शकत होतो.

ॲपचं काम साधं होतं. ग्राहकाचा चॅट आला की सर्व्हर तो मोकळ्या एजंटकडे पाठवतो, एजंट ऑनलाइन आहे का हे कळायला पान दर २० सेकंदांनी सर्व्हरला हार्टबीट, म्हणजे मी आहे असा छोटा संदेश, पाठवतं, आणि ४५ सेकंद हार्टबीट आला नाही की सर्व्हर त्या एजंटला ऑफलाइन धरतो आणि त्याच्याकडचे उत्तर न दिलेले चॅट परत रांगेत टाकतो. बरीच वर्षं हे नीट चाललं. मग आम्ही इलेक्ट्रॉनची जुनी आवृत्ती सोडून एकदम बऱ्याच आवृत्त्या ओलांडून पुढे आलो. म्हणजे आतलं क्रोमियम, क्रोम ज्यावर उभं आहे ते ब्राउझर इंजिन, तेही तेवढंच पुढे आलं, आणि त्याच्यासोबत काय काय बदललं ते आम्ही पूर्ण वाचलं नव्हतं.

काय बिघडलं

अपग्रेडनंतर तक्रारी सुरू झाल्या, आणि त्या एकमेकींशी जुळतच नव्हत्या. कोणी म्हणे मी जागेवर बसून होते तरी ऑफलाइन दिसत होते, कोणी म्हणे चॅट आला आणि डोळ्यादेखत गायब झाला, कोणाला काहीच त्रास नाही. मॅक वापरणाऱ्यांच्या तक्रारी जास्त, विंडोजवाल्यांच्या कमी. आमच्या मशीनवर तर काही म्हणजे काही दिसेना. आम्ही विंडो मिनिमाइज करायचो, एखाद मिनिट थांबायचो, परत उघडायचो, सगळं ठीक.

सुटका लॉगने केली. एका एजंटचा दुपारचा तासभराचा लॉग ओळीने लावला तर त्यात एक ठेका होता. ४५ सेकंद ऑनलाइन, १५ सेकंद ऑफलाइन, परत ४५ ऑनलाइन, परत १५ ऑफलाइन, असं मिनिटामागून मिनिट. नेटवर्क तुटतं तेव्हा असं घड्याळासारखं तुटत नाही. हार्टबीट २० सेकंदांऐवजी बरोबर ६० सेकंदांनी येत होता, सर्व्हर ४५ पर्यंत थांबायचा, १५ सेकंद एजंटला ऑफलाइन धरायचा, आणि मग पुढचा हार्टबीट यायचा. त्या १५ सेकंदांत जो चॅट अडकला तो गेला. म्हणून तक्रारी कधी यायच्या, कधी नाही.

६० चा आकडा दिसला आणि मग शोध सोपा झाला. क्रोममध्ये लपलेल्या पानाचे टाइमर सेकंदाला एकदाच चालवायचे हा नियम फार जुना आहे, त्याने २० सेकंदांच्या हार्टबीटला काही धक्का लागत नाही. पण २०२१ च्या जानेवारीत आलेल्या क्रोम ८८ पासून एक कडक पायरी वाढली. पान ५ मिनिटांहून जास्त वेळ लपलेलं असेल, निदान ३० सेकंद आवाज करत नसेल, वेबआरटीसी (ब्राउझरमधून थेट कॉल करायची सोय) वापरत नसेल, आणि टाइमर स्वतःच स्वतःला पुन्हा पुन्हा लावणारा असेल, तर तो मिनिटाला एकदाच तपासला जातो. आमचा हार्टबीट यात तंतोतंत बसत होता. आणि आम्ही तपासताना कधीच ५ मिनिटं थांबलो नव्हतो!

बाकीचे धागेही मग जुळले. ज्यांना त्रास नव्हता ते एजंट ॲपमधूनच व्हॉइस कॉलवर असायचे, म्हणजे वेबआरटीसी चालू, म्हणून ते नियमातून सुटले. मॅकवर जास्त तक्रारी का, तर इलेक्ट्रॉनमध्ये मॅकवर विंडो दुसऱ्या विंडोने पूर्ण झाकली गेली तरी पान लपलेलं धरलं जातं, बाकी ठिकाणी मिनिमाइज केलं किंवा मुद्दाम लपवलं तरच. मॅकवाले लोक काही मिनिमाइज करत नव्हते, नुसता ब्राउझर समोर मोठा करून बसले होते.

समोर असलेले पर्याय

इथे आम्ही घाई केली. दुखणं कळलं होतं, शेल आमच्या हातात होतं, आणि रोज तक्रारी येत होत्या.

पहिला पर्याय होता पानालाच सांगायचं की तू दिसतोयस. ब्राउझरमध्ये पान दिसतंय की नाही हे सांगणारी पेज व्हिजिबिलिटी नावाची सोय आहे, २०१३ मध्ये ती वेबचे नियम ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेची शिफारस झाली. त्यात डॉक्युमेंटवर हिडन आणि व्हिजिबिलिटीस्टेट या दोन प्रॉपर्टी आणि व्हिजिबिलिटीचेंज ही एक इव्हेंट. जावास्क्रिप्टने या दोन्ही प्रॉपर्टींवर आपला गेटर, म्हणजे प्रॉपर्टी विचारली की उत्तर देणारं फंक्शन, बसवता येतो, की कोणीही विचारलं तरी उत्तर व्हिजिबल, आणि इव्हेंट वाटेतच अडवता येते.

दुसरा पर्याय इलेक्ट्रॉनचा स्वतःचा. विंडो बनवताना बॅकग्राउंडथ्रॉटलिंग, म्हणजे मागे गेलेल्या पानाचं काम मंदावणं, ही सेटिंग बंद करायची. तिसरा क्रोमियमचे कमांडलाइनचे फ्लॅग, टाइमर थ्रॉटलिंग आणि रेंडरर (पान चालवणारी प्रोसेस) मागे टाकणं बंद करणारे. पण ते अख्ख्या ॲपला लागतात, लॉगिनच्या विंडोला, मदतीच्या विंडोला, सगळ्यांना, आणि पुढच्या आवृत्तीत तो फ्लॅग टिकेलच अशी हमी नाही. ते आम्ही बाजूला ठेवले. पॉवरसेव्हब्लॉकर लावून ॲपला झोपू न देणं हे माझ्या सहकाऱ्याने आधीच करून बघितलं होतं, उपयोग झाला नाही, कारण ते ऑपरेटिंग सिस्टीमला सांगणं आहे, क्रोमियमच्या टाइमरशी त्याचा संबंध नाही. कोणीतरी कानाला न ऐकू येणारा आवाज वाजवत ठेवायचंही सुचवलं होतं. एक तर पूर्ण शांत ऑडिओ आवाज म्हणून धरलाच जात नाही, आणि धरला असता तरी असला उपाय मला कोडमध्ये नको होता.

हार्टबीटची रचनाच बदलायची, हा खरा पर्याय, त्या दिवशी कागदावर आलाच नाही, कारण तो वेब टीमचा प्रांत.

पहिलं पाऊल: पानाला खोटं सांगणं

आम्ही पहिला पर्याय घेतला. प्रीलोड स्क्रिप्टमध्ये, म्हणजे पान लोड व्हायच्या आधी चालणाऱ्या शेलच्या कोडमध्ये, दोन्ही गेटर बसवले, तिथेच लॉग करून बघितलं, व्हिजिबल. बिल्ड केलं, विंडो मिनिमाइज केली, या वेळी पूर्ण १० मिनिटं थांबलो, आणि लॉगमध्ये तेच ४५ आणि १५.

पानाच्या कन्सोलमध्ये जाऊन विचारलं तर तिथे उत्तर हिडन. म्हणजे प्रीलोडला एक दिसत होतं आणि पानाला दुसरंच. इलेक्ट्रॉन १२ पासून कॉन्टेक्स्ट आयसोलेशन आपोआप चालू असतं. प्रीलोड आणि पान दोघांचं डॉम (पानाची आतली रचना) एकच, पण जावास्क्रिप्टचं जग वेगळं. आम्ही गेटर बसवला तो आमच्या जगातल्या डॉक्युमेंटवर, पानाच्या जगातल्या डॉक्युमेंटला त्याचा पत्ताच नाही. आमची जुनी आवृत्ती १२ च्या आधीची, तिथे हे सरळ चाललं असतं, म्हणून सवयीने आम्ही तसंच लिहिलं. मग तोच कोड पानाच्या मुख्य जगात, पानाच्या स्क्रिप्टच्या आधी चालेल असा घातला, विंडोवर कॅप्चर टप्प्यात, म्हणजे इव्हेंट पानाच्या कोडपर्यंत पोचायच्या आधी, लिसनर लावून इव्हेंट तिथेच थांबवली. आता पानाचा कन्सोलही म्हणाला व्हिजिबल.

आणि हार्टबीट तरीही ६० सेकंदांनीच!

या ठिकाणी आम्ही खरं तर दिवसभरासाठी थांबायला हवं होतं. जावास्क्रिप्टचा गेटर बदलून फक्त पानाचा समज बदलतो. टाइमर कधी चालवायचा हे ठरवतं इंजिन, आणि इंजिन आपल्या गेटरला विचारत नाही, त्याला विंडोची खरी अवस्था आतून माहीत असते. तसंच हलती चित्रं काढायला वापरतात त्या रिक्वेस्टॲनिमेशनफ्रेमचं. गेटर काहीही सांगो, लपलेल्या पानात ते थांबलेलंच राहतं. ज्यांना वाटतं की दोन ओळी टाकल्या की पान पाठीमागे जागं राहील, त्यांनी हे एकदा स्वतः मोजून बघावं. आमचा एक पूर्ण दिवस यात गेला.

दुसरं पाऊल: इंजिनलाच जागं ठेवणं

मग बॅकग्राउंडथ्रॉटलिंग बंद केलं. एका शब्दाचा बदल, आणि लगेच फरक. हार्टबीट २० सेकंदांवर आला, मॅकवर झाकलेल्या विंडोतसुद्धा. गेटरचा कोड आम्ही काढला नाही, राहू दे म्हटलं, त्याने काही बिघडत नाहीये. त्याच दिवशी सगळ्यांना अपडेट पाठवला, तक्रारी थांबल्या, वेब टीमला एक ओळीचा मेसेज टाकला की प्रश्न शेलमध्ये सोडवलाय.

या सेटिंगबद्दल इलेक्ट्रॉनच्या डॉक्युमेंटेशनमध्ये एक वाक्य आहे, की ती बंद केली तर विंडो मिनिमाइज असो, झाकलेली असो की लपवलेली, व्हिजिबिलिटीची अवस्था व्हिजिबलच राहते. ते वाक्य मी वाचलं होतं. मला त्यात फायदा दिसला, धोका दिसला नाही.

मग दुसरं दुखणं

साधारण दोन आठवड्यांनी टीम लीडने एक चॅट दाखवला. ग्राहकाने लिहिलं होतं, माझा मेसेज तुम्ही पाहिला असं दिसतंय, अर्धा तास झाला, उत्तर का देत नाही, मी काय चुकीचं विचारलं का. तो शेवटचा प्रश्न मला अजून आठवतो. त्या अर्ध्या तासात एजंटची विंडो मिनिमाइज होती. तिने मेसेज पाहिलाच नव्हता. बरं, तिला नोटिफिकेशन तरी का आलं नाही?

आता वेबचा कोड उघडला आणि हिडन हा शब्द शोधला. दहा मिनिटांचं काम. तो चार जागी होता. एके ठिकाणी, पान दिसत असेल आणि चॅट उघडा असेल तर मेसेजवर पाहिल्याची खूण कर. दुसऱ्या ठिकाणी, पान दिसत नसेल तरच नोटिफिकेशन दाखव. तिसऱ्या ठिकाणी, पान दिसत नसेल तर डॅशबोर्डवरचे हलते आलेख थांबव. चौथ्या ठिकाणी, पान परत दिसायला लागलं की चुकलेला डेटा नव्याने आण.

चारही गोष्टी आम्ही मोडल्या होत्या. पानाला कायम वाटत होतं की माणूस समोर बसून बघतोय, म्हणून ते इमानेइतबारे प्रत्येक मेसेजवर पाहिल्याची खूण करत होतं आणि माणूस बघतोच आहे तर नोटिफिकेशन कशाला, म्हणून गप्प बसत होतं. आलेख मिनिमाइज विंडोतही फिरत होते, लॅपटॉपचे पंखे वाजतात आणि बॅटरी लवकर उतरते अशा दोनतीन तक्रारी आल्या होत्या, त्या आम्ही या बदलाशी जोडल्याच नव्हत्या.

तेव्हा नीट कळलं की हिडन या एका शब्दात दोन वेगळे प्रश्न आहेत. एक इंजिनचा, की या पानाला विसावा देऊ का. दुसरा पानाचा, की माणूस बघतोय का. आम्हाला फक्त पहिल्याचं उत्तर बदलायचं होतं. आम्ही दोन्हींचं बदललं, आणि दुसऱ्याचं उत्तर खोटं झालं की त्याचा भार ग्राहकावर आणि एजंटवर जातो, आमच्या लॉगमध्ये तो दिसतसुद्धा नाही.

मधला उपाय

त्याच दिवशी सगळं मागे घ्यायचं, की काहीतरी मधला मार्ग काढायचा? मागे घेतलं तर ४५ आणि १५ चा खेळ परत सुरू, आणि सर्व्हरची मुदत वाढवून ९० सेकंद करायची तर ज्याचं मशीन खरंच बंद पडलंय त्याच्याकडे दीड मिनिट चॅट जात राहणार. वेब टीम आता चर्चेत होती, त्यांनी कायमच्या बदलाला तीन आठवडे मागितले.

मग लक्षात आलं की गेटरचा जो कोड आम्ही पानाला खोटं सांगायला लिहिला होता, तोच खरं सांगायला वापरता येईल. इंजिन जागं ठेवायचं, म्हणजे बॅकग्राउंडथ्रॉटलिंग बंदच. पण विंडो मिनिमाइज झाली, लपवली, परत आली हे मेन प्रोसेसला, म्हणजे विंडो सांभाळणाऱ्या शेलच्या मुख्य भागाला, कळतं, ते तिथून प्रीलोडमार्गे पानाच्या जगात पोचवायचं, गेटरने ती खरी अवस्था परत द्यायची, आणि अवस्था बदलली की व्हिजिबिलिटीचेंज इव्हेंट आपण स्वतः पाठवायची. पानाचा एक अक्षर कोड न बदलता पाहिल्याच्या खुणा बरोबर झाल्या, नोटिफिकेशन परत आली, आलेख थांबले कारण पान स्वतःच ते थांबवतं, आणि हार्टबीट व्हिजिबिलिटी बघतच नव्हता म्हणून तो २० सेकंदांवर तसाच राहिला.

एक जागा अवघड गेली. थ्रॉटलिंग बंद असताना मॅकवर पूर्ण झाकलेली विंडो आम्हाला खात्रीने ओळखता येईना. फोकस गेला की लपलेलं समजू या असा एक विचार होता, पण बरेच एजंट दोन स्क्रीनवर काम करतात, चॅट डोळ्यासमोर असतो आणि टायपिंग दुसरीकडे चालू, त्यांना समोर दिसणाऱ्या प्रत्येक मेसेजचं नोटिफिकेशन आलं असतं. उलट फोकसकडे बघितलंच नाही तर झाकलेल्या विंडोतल्या मेसेजवर पाहिल्याची खूण होणार. आम्ही दोन्हीची तुलना केली. नको असलेलं नोटिफिकेशन म्हणजे एजंटला थोडा त्रास. चुकीची खूण म्हणजे ग्राहकाला खोटी माहिती, आणि एजंटवर विनाकारण बोट. म्हणून फोकस जाऊन ३० सेकंद झाले की लपलेलं धरायचं असं ठरवलं. दोन स्क्रीनवाल्यांना तीन आठवडे जादा नोटिफिकेशन आली, त्यांना कारण आधीच सांगून ठेवलं होतं, त्यामुळे कोणी फार कुरकुर केली नाही.

कायमचा बदल

वेब टीमने हार्टबीट उलटा केला. आधी पान टाइमर लावून सांगायचं मी आहे. आता सर्व्हर वेबसॉकेटवरून, म्हणजे पान आणि सर्व्हरमधल्या सतत उघड्या कनेक्शनवरून, विचारतो आहेस का, आणि पान तो मेसेज आल्या आल्या उत्तर देतं. यात पानाचा टाइमर लागतच नाही, नेटवर्कवरून आलेला मेसेज लपलेल्या पानातही लगेच हाताळला जातो, म्हणून थ्रॉटलिंग आडवं येत नाही. वेबसॉकेटचा स्वतःचा पिंग आणि पाँग (कनेक्शन चालू आहे का हे विचारणं आणि त्याचं उत्तर) असतो तो का नाही वापरला, असा प्रश्न मी विचारला होता. पाँगचं उत्तर ब्राउझर स्वतः देतो, पानाचा कोड अडकलेला असला तरी, आणि आम्हाला पान जिवंत आहे हे कळायला हवं होतं, नुसतं कनेक्शन नाही. याच कारणासाठी हार्टबीट मेन प्रोसेसमधून पाठवायची कल्पनाही सोडून दिली. पान कोसळलं तरी मेन प्रोसेस मी आहे म्हणत राहिली असती.

हे आल्यावर आम्ही शेलमधून बॅकग्राउंडथ्रॉटलिंगची सेटिंग काढली, सगळे गेटर काढले. पान लपलं की इंजिन त्याला विसावा देतं, आणि द्यायलाच हवा. पाहिल्याच्या खुणेसाठी मात्र नुसत्या व्हिजिबिलिटीवर विसंबणं वेब टीमने सोडलं. शेल त्यांना विंडोला फोकस आहे का आणि कीबोर्ड-माऊस किती वेळ स्तब्ध आहे हे वेगळ्या नावांनी देतं, त्यातून ते ठरवतात. ब्राउझरमध्ये ॲप उघडलं तर ही माहिती नसते, तिथे ते व्हिजिबिलिटी आणि पानाला फोकस आहे का हे सांगणाऱ्या डॉक्युमेंटच्या हॅजफोकसवर चालतात. लॅपटॉपचं झाकण बंद केलं की एजंट ४५ सेकंदांनी ऑफलाइन होतो, तेही आता बरोबर आहे, आधी यालासुद्धा लोक बग म्हणायचे.

निकाल आणि काय वेगळं करता आलं असतं

तो ४५ आणि १५ चा ठेका लॉगमधून गेला, खुणांची तक्रार परत आली नाही, पंखे शांत झाले. मधल्या दोन आठवड्यांत ज्या ग्राहकांना चुकीची खूण दिसली त्यांचं काही करता आलं नाही. सर्व्हरवर खूण कधी झाली ते होतं, विंडो कुठल्या अवस्थेत होती ते नव्हतं, म्हणून खऱ्या आणि खोट्या खुणा वेगळ्या काढता आल्या नाहीत. आता खुणेसोबत ती अवस्थाही साठवतो. आणि त्या एजंटची उत्तर द्यायच्या वेळेची नोंद खराब झाली होती, ती टीम लीडने हाताने दुरुस्त केली, आम्ही लेखी कारण दिलं म्हणून.

आज परत करायचं झालं तर गेटर लिहायच्या आधी वेबच्या कोडमध्ये हिडन शोधेन. ती दहा मिनिटं पहिल्या दिवशी दिली असती तर चारही जागा तेव्हाच दिसल्या असत्या आणि वेब टीमशी बोलणं तिथेच सुरू झालं असतं. दुसरं, हार्टबीट अपेक्षेपेक्षा किती उशिरा निघाला हे पानानेच मोजून पाठवायला हवं होतं. ते असतं तर ६० चा आकडा तक्रारींच्या आधी दिसला असता. आमच्या टेस्टमध्ये आता विंडो १० मिनिटं मिनिमाइज आणि मॅकवर १० मिनिटं पूर्ण झाकून ठेवायची एक पायरी आहे. कंटाळवाणी आहे, पण इलेक्ट्रॉनची प्रत्येक नवी आवृत्ती घेताना ती होते.

मधला उपाय, म्हणजे इंजिन जागं आणि पानाला खरं, तो मी वाईट म्हणणार नाही. वेबचा कोड आपल्या हातात नसेल तर अजूनही तोच करेन. फक्त त्या कोडवर काढून टाकायची तारीख पहिल्याच दिवशी लिहून ठेवेन. आमच्याकडे ती वेब टीमच्या रिलीजने ठरवली, आणि ते रिलीज वेळेवर आलं म्हणून निभावलं.